एका वेळी एकच

“एका वेळी एकच! ऐकू येतं ना? एकच! अजून कितीदा सांगू?”

इतकी वर्षं झाली, तरी हा आवाज माझ्या लाकडाच्या रेषारेषेत भरून आहे. बाईंचा आवाज. खडूच्या धुळीनं बसलेला, आणि तरीही कौलांपर्यंत चढणारा. मी जन्मले ती याच आवाजात, आणि खरं सांगायचं तर वैतागले तीही याच आवाजाला.

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पट्टी आहे. मोजायची पट्टी नव्हे. मारायची तर नव्हेच नव्हे. वीतभर लांब, चार बोटं रुंद, अंगठ्याएवढी जाड. डोक्याला भोक, भोकात सुतळी, आणि पोटावर पांढऱ्या रंगात एकच शब्द: ‘बाहेर’. वर्ग चालू असताना ज्याला बाहेर जायचं असेल त्यानं मला हातात घेऊन जायचं आणि परत आल्यावर दाराजवळच्या खिळ्याला टांगायचं. मी खिळ्यावर दिसले तर जा. नाही दिसले तर गपचूप बसा. मुलांनी माझं नाव ठेवलं बाहेरपट्टी. नाव बाहेरपट्टी आणि सध्या वस्ती कपाटात! माझ्या एका बाजूला पाय मोडलेला लाकडी कंपास आहे, दुसऱ्या बाजूला गुंडाळी केलेला एक नकाशा. त्या नकाशात नागपूर आणि जबलपूर अजून एकाच रंगात आहेत. त्याला कोणी सांगितलंच नाही, बिचाऱ्याला.

माझा जन्म त्यानंतरचा. राज्यं वेगळी झाली, नागपूर तिकडे गेलं, आम्ही इकडे मध्य प्रदेशात राहिलो, त्याला सात-आठ वर्षं होऊन गेली होती. जबलपुरात राइट टाउनच्या मागच्या गल्लीत ही मराठी शाळा होती. खोल्या पाच, मास्तर चार, आणि बाई एकच. शिक्षण खात्याची पत्रं हिंदीतून येत, मुलं गल्लीत हिंदी बोलत, घरी वऱ्हाडी-नागपुरी बोलत आणि वर्गात तिन्हीचं कालवण करत. कोणाचे वडील रेल्वेत, कोणाचे तोफगाड्यांच्या कारखान्यात, कोणाचे टपाल खात्यात.

त्या एकट्या बाई म्हणजे विनताबाई. लग्न होऊन वर्ध्याहून आलेल्या. त्यांच्या वाट्याला तिसरीचा वर्ग आला, आणि वर्गात चोपन्न मुलं. चोपन्न! अहो, टोपलीत चोपन्न बेडूक ठेवून त्यांना पाढे शिकवणं सोपं. एक बोट वर झालं म्हणजे एकी, दोन बोटं वर झाली म्हणजे दोकी, आणि पाचही बोटं वर झाली म्हणजे तहान. बाई फळ्याकडे वळल्या की मागे बोटांचं रान उगवायचं.

“बाई, मले लागली!”

“बापू, तू आत्ताच तर जाऊन आलास!”

“ते एकी होती बाई. हे दोकी हाय.”

हा बापू म्हणजे वर्गातला वळू. तो गेला की त्याच्यामागे पाच जण, पाचांमागे सात. एकदा तर बाईंनी गणित अर्धं लिहून मागे पाहिलं, तेव्हा वर्गात पंचवीस मुलं आणि अंगणातल्या नळावर एकोणतीस. बाई बाहेरच्यांना आत हाकायला गेल्या, तोवर आतले खिडकीतून बाहेर. हेडमास्तर नीलकंठ गुरुजी व्हरांड्यातून हे बघत, चष्मा पुसत आणि म्हणत, “विनताबाई, वर्ग आहे की पनागरचा बाजार?” आणि पुन्हा आपल्या खोलीत जात. मदत? छे! चष्मा मात्र लख्ख.

त्या संध्याकाळी बाईंनी शिपाई विठोबाला बोलावलं. मोडक्या बाकाची एक सागवानी फळी पडली होती. विठोबानं ती कापली, काचपेपरनं घासली, भोक पाडलं. घासता घासता तोंड चालूच होतं. “आता मुतायले बी परवाना लागते का, बाई? आमच्या वेळेस नव्हतं बापा असं काही.” बाई हसल्या नाहीत. त्यांनी स्वतः बारीक कुंचल्यानं माझ्या पोटावर अक्षरं काढली. ‘ह’ची शेपटी काढताना कुंचला घसरला, ती शेपटी अजून वाकडी आहे. मला आवडते ती.

आणि मग, मित्रांनो, वर्गाला वळण लागायला सुरुवात झाली. वळण काही सांगून लागत नाही. दगडाच्या जात्याला खुंटा बसवतात तसं ते बसवावं लागतं. फिरवून बघायचं, काढायचं, पुन्हा ठोकायचं. बाईंनी चार रांगा केल्या. एक रांग माठ भरणार, एक रांग पाट्या गोळा करणार, एक फळा पुसणार, एक केर काढणार. पाट्या मागून पुढे सरकत यायच्या. चपला भिंतीलगत, टाचा भिंतीकडे. पहिला आठवडा तर बाईंनी काहीच शिकवलं नाही, नुसती तालीम घेतली. “आज कोणाला लागलेली नाही ना? छान. मग सगळ्यांनी जाऊन दाखवा.” चोपन्न मुलांनी एकेक करून मला खिळ्यावरून काढलं, दाराबाहेर नेलं, परत आणून टांगलं. चोपन्न वेळा! माझी सुतळी पहिल्याच दिवशी झिजली. पण मला ते बरं वाटलं. आपण कोणाच्या तरी उपयोगाच्या आहोत, हे लाकडालाही कळतं.

एकच गोष्ट उरली होती, वेळ. पट्टी घेऊन गेलेलं मूल नळावरच रमलं तर? वर्गात घड्याळ नव्हतं. बाईंनी त्यावर जी युक्ती काढली ती अख्ख्या जबलपुरात कुठे नसेल. पट्टी बाहेर गेली की वर्गानं पाढे म्हणायचे, बारापासून सोळापर्यंत, एका सुरात. ‘बारा एके बारा’ म्हणताना मूल उंबऱ्याबाहेर पडायचं, आणि सोळाचा पाढा संपायच्या आत मी खिळ्यावर हवी. तीनदा उशीर झाला की नाव फळ्याच्या कोपऱ्यात, आणि आठ दिवस पट्टीला हात लावायचा नाही. मुलं लगेच गाणं रचून मोकळी झाली:

पट्टी गेली पाण्याला, पाढा बसला राखणीला,
सोळाचं घर गाठलं, पट्टी नाही खिळ्याला!

महिनाभरात वर्ग असा बसला, जसं सायीचं दही. पाढे तर इतके पाठ झाले, की बापू झोपेत सोळाच्या पाढ्यातले बारोदरसे, अठ्ठाविसासे बडबडतो अशी त्याच्या आईची तक्रार आली. मग शाळेत साहेब आले, तपासणीला. त्यांनी मला हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं, आणि म्हणाले, “वाह, बहनजी! अनुशासन इसको कहते हैं!” नीलकंठ गुरुजींनी असा चेहरा केला की जणू मला त्यांनीच कोरलं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही फुगले. पावसाळ्यात लाकूड फुगतंच, पण त्या दिवशी ऊन होतं.

कौतुकाचं पीक फार दिवस टिकत नाही. लवकरच माझे हाल सुरू झाले. बापूनं मला बॅट करून गोट्या टोलवल्या. कोणी मला नळाखालच्या चिखलात पाडलं, कोणी मी कशी दिसते ते बघायला माझ्यावर पेन्सिलीनं मिशा काढल्या. परत आल्यावर खिळ्याला टांगा म्हणून शंभरदा सांगितलं, तरी दिवसातून दहादा मी बाकाखालीच. मग बाईंचा आवाज. मग सगळ्यांचं “मी नाही बाई, तो!” मग पुन्हा बाईंचा आवाज. देवा रे, त्या वर्गात भिंतींना कान असते तर त्यांनी हातांनी झाकले असते.

पण मला खरी चीड आली ती या कशाची नाही. ती आली एका दाराची. ऐका, कारण पुढचं सगळं त्या दारावर आहे.

अंगणाच्या टोकाला मुलींचं संडास होतं. चौकट लाकडी, हिरवी, दार पत्र्याचं. दाराला आतून कधीकाळी कडी होती, आता तिच्या जागी नुसती दोन भोकं. चौकट कललेली, त्यामुळे दार सोडलं की आपोआप उघडायचं. आपोआप, आणि सावकाश, आणि कुरकुरत. म्हणजे नळावरच्या सगळ्यांनी वळून बघावं असं. आणि नळ तिथून दहा पावलांवर. मुलं आपली भिंतीकडे तोंड करून मोकळी होत. त्यांना दाराशी काय देणंघेणं? मास्तरांची मोरी ऑफिसमागे, तिला कडीही होती, कुलूपही.

मी यायच्या आधी मुली दोघी-दोघीनं जायच्या. एक आत, एक बाहेरून दार धरून. कोणी शिकवलं नव्हतं. मोठ्या मुलींनी लहान मुलींना दिलेली ती रीत होती. दार धरणारीनं आकाशाकडे बघायचं, घाई करायची नाही, आणि आतलीशी बोलत राहायचं, म्हणजे आतलीला कळतं की ती आहे. त्या गुणगुणायच्याही:

कडी नाही कोयंडा, दार मोकळं मोकळं,
माझ्या सईच्या हातानं जग अडवलं सगळं.

बाईंना हे जोडीनं जाणं पहिल्या दिवसापासून खुपायचं. “दोघी-दोघी कशाला? वरात आहे का? गप्पा मारायला निमित्त हवं नुसतं!” म्हणून तर नियम झाला, एका वेळी एकच. आणि साहेबांनी पाठ थोपटल्यावर तो नियम असा पक्का झाला, की त्याला बोट लावायची सोय राहिली नाही.

मग मुलींनी काय केलं? मुली जे नेहमी करतात तेच. काही बोलल्या नाहीत. पाणी प्यायच्या बंद झाल्या. माठ भरलेला, आणि मुलींच्या रांगा कोरड्या. मधल्या सुटीत नियम नव्हता, तेव्हा जोडीनं जायच्या, पण सुटी दीड वाजता. तोवर दात दाबून, पाय आवळून बसायच्या आणि भागाकार चुकवायच्या. बाई म्हणायच्या, “मुलींचं गणितच कच्चं!” मित्रांनो, मला तोंड असतं ना, तर मी त्या खिळ्यावरून ओरडले असते!

त्यांतली एक होती कलावती. नऊ वर्षांची, बारीक, तेल लावून घट्ट वेणी घातलेली. घमापूरच्या पलीकडून तासभर पायी यायची. वर्गात सगळ्यात सुंदर अक्षर तिचं. कविता म्हणायला उभी राहिली की बापूसुद्धा चुळबुळ थांबवायचा.

तिच्या शेजारी लता बसायची. लता हळूच म्हणायची, “थांब न व जराशी. सुटीत जाऊ दोघी. मी धरते दार.”

“सुटीपर्यंत नाही होत व मले,” कलावती म्हणायची. “घरून निघून किती वेळ झाला! पोट दुखते.”

आणि ती एक बोट वर करायची.

पहिल्या दिवशी तिनं दार एका हातानं ओढून धरायचा प्रयत्न केला. हात पुरेना. दुसऱ्या दिवशी तिनं माझ्याकडे पाहिलं. तिसऱ्या दिवशी तिनं दार ओढलं आणि दाराच्या अन् चौकटीच्या फटीत मला दाबून बसवलं. पट्टीची झाली पाचर. मला काय वाटलं असेल! एका अंगाला गंजका पत्रा, एका अंगाला हिरवी चौकट, मध्ये मी, श्वास कोंडून. पण दार उघडलं नाही. ती आतून कापऱ्या आवाजात स्वतःशीच गुणगुणली, दार धरणारी कोणी नव्हती म्हणून दोघींचं मिळून एकटीनं. मी माझ्या आयुष्यात बरीच कामं केली. याहून मोठं एकही नाही.

अडचण एवढीच, की मला बसवायला वेळ लागायचा आणि उपटायला त्याहून जास्त. पावसाचे दिवस, मी फुगलेली, सुटता सुटायची नाही. तिची इवली बोटं सोलवटायची. तिकडे वर्गात सोळा एके सोळा, सोळा दुणे बत्तीस... आणि ही धावत दारात येईपर्यंत सगळा वर्ग एका सुरात, “पट्टी नाही खिळ्याला!”

“कलावती, उशीर का?”

ती खाली बघायची.

“मी विचारतेय, कुठे होतीस? नळावर खेळत होतीस?”

खाली बघणं.

“तोंड नाही का तुला?”

अहो बाई, आहे तोंड! पण या बाजूला सव्वीस मुलगे बसले आहेत दात काढून. त्यांच्यापुढे ती कोणतं वाक्य बोलेल? तुम्ही असता तर बोलला असता? असं मी मनात म्हणायचे आणि खिळ्यावर झोके घ्यायचे. वैताग, वैताग! एकीला तोंड असून बोलता येत नाही, दुसरीला डोळे असून दिसत नाही, आणि जिला सगळं माहीत ती लाकडाची.

तीन उशीर झाले. शिवाय माझ्या कडा दबलेल्या, कोपरा उडालेला. बाईंनी मला सगळ्या वर्गाला दाखवलं. “ही बघा शाळेची वस्तू! उंदरानं कुरतडल्यासारखी! हे कोणाचं काम?” कोणी तरी म्हणालं, “कलावतीनं नेली होती बाई.” कलावतीनं नाही म्हटलं नाही. फळ्याच्या कोपऱ्यात तिचं नाव पडलं. आठ दिवस पट्टी बंद.

तीन दिवस ती कशीबशी बसली. चौथ्या दिवशी, भागाकार चालू असताना, तिनं पाटी दप्तरात घातली, दप्तर खांद्याला लावलं आणि चालायला लागली. माझ्याकडे तिनं बघितलंही नाही. बाई हाक मारत राहिल्या. ती फाटकाबाहेर गेली ती गेली.

एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. हजेरीत तिच्या नावापुढे ‘गै’ पडत गेला. बाई नीलकंठ गुरुजींना म्हणाल्या, “शिस्त लावली की यांना शाळा नको होते.” पण संध्याकाळी वर्ग रिकामा झाला की त्या फळ्याच्या कोपऱ्यातल्या त्या नावासमोर उभ्या राहायच्या. डस्टर उचलायच्या आणि परत ठेवायच्या.

मित्रांनो, माझी विनवणी मी इथेच उरकून घेते. आता ज्या दिवसाचं सांगणार आहे, त्यानंतर मला बोलण्यासारखं काही उरत नाही. मला जपा असं मी म्हणणार नाही. पट्टी काय, दुसरीही होते. मोडकी बाकं शाळेला कधी कमी पडत नाहीत. पण नियम जपायचा असेल तर त्याच्या वाटेनं एकदा तरी स्वतः चालून बघा. खिळ्यापासून उंबऱ्यापर्यंत, उंबऱ्यापासून नळापर्यंत, नळापासून त्या दारापर्यंत. वाटेत कोण अडतं, कुठे अडतं, ते बघा. वळण चांगलंच असतं हो. मी वळणाचीच आहे, मी त्याला वाईट कशी म्हणेन? पण ज्या मुलाला रोज उशीर होतो त्याला ‘उशीर का’ असं सगळ्यांसमोर ओरडून विचारू नका. हळू विचारा. आणि उत्तर येईपर्यंत थांबा. बारा ते सोळा काय, तिसाचा पाढा संपला तरी थांबा.

नवव्या दिवशी व्हरांड्यात सायकल लागली. कलावतीचे वडील आले होते, लहानू. कारखान्याच्या सुतार खात्यात काम करणारा माणूस, खाकी सदरा, बोटांना रंध्याचे घट्टे. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेला. पोरीचा हात हातात.

“जयभीम, गुरुजी.”

“नमस्कार, नमस्कार,” नीलकंठ गुरुजी म्हणाले. “क्या हुआ, लहानूजी?”

“तेच इचारायला आलो. पोरगी रोज सकाळी दप्तर काढते अन् दारातून परत फिरते. काहून म्हटलं, तर बोलत नाही. माय विचारून थकली. परवा म्हणते, मले नाही शिकायचं, मी घरीच राहते.” त्याचा आवाज एकदम खाली गेला. “आमच्या घरात तिसरीपर्यंत आलेली ही पहिली पोरगी आहे, गुरुजी. माह्या बहिणीले पाटी नाही भेटली. मारलं का तिले कोणी? सांगा मले.”

विनताबाई वर्गातून बाहेर आल्या. “मी मुलांना हात लावत नाही, लहानूजी. नियम मोडला म्हणून नाव लिहिलं, एवढंच.”

“कोणता नियम?”

बाईंनी मला खिळ्यावरून ओढून काढलं. “हा! रोज उशीर. आणि वर ही अशी कुरतडून ठेवली. तुम्हीच बघा. उद्या तुमच्या कारखान्यात कोणी हत्यार असं केलं तर चालेल?”

लहानूनं मला हातात घेतलं. किती दिवसांनी मला लाकूड कळणारा हात लागला! त्यानं मला उजेडाकडे धरलं, अंगठा माझ्या कडेवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला, थांबला, परत फिरवला.

“हे कुरतडलेलं नाही, बाई.”

“म्हणजे?”

“दातानं खाल्लं तर लाकडाची रेषा तुटते. ही तुटली नाही, दबली आहे. पाचर ठोकल्यावानी. हे पहा, या अंगाले गंज. अन् या अंगाले हिरवा रंग. कोण्या तरी दारात दाबून बसवली इले. एक डाव नाही, पुष्कळ डाव.” त्यानं मान वर केली. “शाळेत हिरवी चौकट कुठं आहे?”

“चलो, छोडिए,” गुरुजी म्हणाले. “बच्चों की बात है. लाकडी पट्टीवरून काय पंचायत...”

खिडकीत चाळीस डोकी लोंबकळत होती. त्यांतून बापूचा आवाज आला, “गुरुजी, पोरींच्या संडासाची हाय न हिरवी!”

वर्ग फिस्सकन हसला. आणि मग एकाएकी हसायचा थांबला, कारण बाईंचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता.

“सगळी मुलं पटांगणात,” बाई म्हणाल्या. “आत्ता. मुली आत बसतील.”

इतक्या हळू आवाजात त्यांनी कधी काही सांगितलं नव्हतं. मुलगे रांगेनं गेले, पाय न वाजवता. बापूनं तर चपलाही हातात घेतल्या.

बाई कलावतीपुढे खाली बसल्या, व्हरांड्याच्या फरशीवर, साडीचा विचार न करता. “बाळ,” त्या म्हणाल्या, “मी नीट विचारलं नव्हतं. आता विचारते.” आणि थांबल्या. कलावती पायाच्या अंगठ्यानं फरशी टोकरत राहिली. गुरुजींनी खाकरून पाहिलं. बाईंनी हात वर करून त्यांना गप्प केलं. लहानूनं मला दोन्ही तळहातांत घट्ट धरलं होतं.

“त्या दाराले कडी नाही, बाई,” कलावती म्हणाली. “सोडलं की उघडते. पहिले लता धरे. मग तुम्ही एकच म्हटलं.”

एवढंच. आतून लता उभी राहिली आणि म्हणाली, “हो बाई. आम्ही कोणीच पाणी नाही पीत आता.” तिच्यामागे आणखी एक उभी राहिली. मग आणखी एक. एकीनंही परवानगी मागितली नाही.

लहानूनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. “सांगितलं काहून नाही व माय मले?”

“तुम्ही शाळेत भांडले असते.”

“अरे राम राम राम!” नीलकंठ गुरुजींनी चष्मा काढला. “एवढीशी गोष्ट! एक कडी! कौलांसाठी अर्ज केला, झेंड्याच्या दोरीसाठी अर्ज केला, घंटेसाठी केला. त्यात एक ओळ वाढवली असती मी! विठोबानं तासाभरात बसवली असती. आँ? पण कोणी सांगायला नको? अहो, या मुलींचं राहू द्या, त्या लहान आहेत. पण इतक्या दिवसांत एका तरी शहाण्या माणसानं मला येऊन सांगायला नको होतं?”

बाई फरशीवरून उठल्या. साडीला लागलेली धूळ त्यांनी झटकली नाही. लहानूकडे नाही, गुरुजींकडेही नाही, उभ्या राहिलेल्या मुलींकडे बघत त्या म्हणाल्या,

“मी सांगायला हवं होतं, गुरुजी. कडी नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, माझ्या वाट्यालाही तेच दार आहे. चार पुरुषांपुढे तो विषय कसा काढायचा, मला सुचलं नाही. दोन वर्षं झाली, मी घरून निघताना घोटभर पाणीही पीत नाही.”